सायकल दिली, वाट कोठे आहे?



बीड जिल्ह्यात सायकलच्या स्वतंत्र वाटेविषयी बोलायचे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम हसू उमटते. जेथे उन्हाळा आला की पिण्याच्या पाण्याची ददात पडते, जेथून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे सायकलसाठी निराळा रस्ता ही चैन नव्हे काय? हा प्रश्न विचारणारे सारेच काही मोटारवाले नसतात. चळवळीतले कार्यकर्तेही तो विचारतात आणि प्रामाणिकपणे विचारतात. म्हणून त्याचे उत्तर प्रामाणिकपणेच दिले पाहिजे.

या प्रश्नाच्या मुळाशी एक चित्र आहे. सायकल म्हणजे पुण्या-मुंबईतल्या सुखवस्तू माणसाने रविवारी सकाळी, डोक्यावर शिरस्त्राण घालून, प्रकृतीसाठी चालवायची वस्तू, असे ते चित्र. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वृत्तपत्रांनी आणि जाहिरातींनी ते इतके ठसवले आहे की बीडच्या रस्त्यावर रोज सकाळी दिसणारी सायकल डोळ्यांआड झाली आहे. दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल, थापी आणि ओळंबा पिशवीत घालून कामावर निघालेल्या गवंड्याची सायकल, रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या रखवालदाराची सायकल आणि सर्वांत मोठ्या संख्येने शाळकरी मुलामुलींची सायकल, यांना कोणी ‘सायकलस्वार’ म्हणत नाही. २०११च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांनी घरात सायकल असल्याचे नोंदविले होते. मोटारसायकल किंवा स्कूटर असलेली कुटुंबे तेव्हा २१ टक्के होती. त्यानंतर दुचाकी वाहने फार वाढली हे खरे. पण घरात एक मोटारसायकल आली म्हणजे घरातले प्रत्येक माणूस मोटारसायकलवर बसले असे होत नाही. ती कर्त्या पुरुषाकडे जाते. बायका, मुले आणि म्हातारे पायी किंवा सायकलवर राहतात. सरासरीचे आकडे कुटुंबाच्या उंबरठ्यापाशी थांबतात आणि आतली वाटणी लपवतात, ही अर्थशास्त्रातील जुनीच खोड आहे.

आता शासनाकडे पाहू. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल दिली जाते. या कार्यक्रमाचे आयुक्तालय मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला आहे. योजना चांगली आहे, हे विरोधकानेही मोकळेपणाने म्हणावे. बिहारमध्ये २००६ साली मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण योजनेमुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. शाळा घरापासून तीन किलोमीटर किंवा अधिक दूर असेल तेथे हा परिणाम विशेष दिसला. म्हणजे मुलीला शाळेपासून तोडणारी गोष्ट अनेक ठिकाणी बुद्धी नव्हती, इच्छाही नव्हती, अंतर होते. बीड जिल्ह्यात या गोष्टीचे मोल अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झाला त्यांचे प्रमाण या जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या वर निघाले. शाळा सुटली की लग्न ठरते, हा क्रम येथे सर्वांना ठाऊक आहे.

शासनाच्या एका खात्याने अशा रीतीने मुलीच्या हाती सायकल दिली. दुसऱ्या खात्याने मात्र तिच्या शाळेवरून जाणारा रस्ता चौपदरी केला, मध्ये दुभाजक घातला आणि सायकल कोठून जाणार याचा विचार आराखड्यात कोठेच केला नाही. ही सायकल कारखान्याला यंत्र देऊन वीज न देण्यासारखी आहे. आईबापांनी एकदोन अपघात पाहिले की ते सायकल ओसरीत लावून ठेवतात. पुढे मुलगी शाळेत का येत नाही याची कारणे शोधणारी समिती नेमली जाते आणि तिच्या अहवालात ‘पालकांची मानसिकता’ हे शब्द येतात. ज्या मानसिकतेचे मूळ भरधाव टिप्परमध्ये आहे, तिला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे.

या जिल्ह्यात तर यात आणखी एक पीळ आहे. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. याच महिन्यांत आईबाप तोडीला गेलेले असतात आणि मागे राहिलेली मुले आजीआजोबांच्या हवाली असतात. त्यांना मोटारसायकलवरून शाळेत सोडणारे घरात कोणी नसते. म्हणजे मुलांना सायकलची सर्वांत अधिक गरज याच काळात. जिल्ह्यातले कारखानेही त्याच महिन्यांत चालतात, म्हणून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, उसाने दोन्ही अंगांनी फुगलेले ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतात तेही याच काळात. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक असेलच याची खात्री नसते. वळणावर ट्रॅक्टर जेथून जातो तेथून मागची ट्रॉली जात नाही. ती आतल्या बाजूला कापत येते आणि नेमकी तेथेच, रस्त्याच्या कडेला, सायकल असते. थंडीच्या दिवसांत सकाळी उजेड उशिरा होतो, संध्याकाळी लवकर मावळतो. आईबाप ऊस तोडायला जातात आणि दुसऱ्या कोणी तोडलेला ऊस त्यांच्या मुलीला रस्त्यावरून खाली ढकलतो. परळीच्या बाजूला औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परांची हीच गोष्ट, फक्त तेथे हंगाम वर्षभर असतो.

अपघाताची चर्चा निघाली की शिस्तीचा विषय निघतो. सायकलवाले उलट्या बाजूने येतात, मध्येच रस्ता ओलांडतात, अशी तक्रार असते. तक्रार खोटी नाही. तिचे कारण मात्र तपासले जात नाही. दुभाजकातील फट जेव्हा दोन किलोमीटरवर असते, तेव्हा समोरच्या बाजूच्या शाळेत जाणाऱ्या मुलाने चार किलोमीटर अधिक पायडल मारावे अशी रस्त्याची अपेक्षा असते. मोटारीला हे अंतर चार मिनिटांचे, मुलाला वीस मिनिटांचे. तो उलट्या बाजूने येतो याचा अर्थ त्याला हिशेब कळतो. आराखडा करणाऱ्याने हा हिशेब न करता दोष मुलावर टाकला. डांबरी किंवा काँक्रिटच्या रस्त्याची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर फरक ठेवायचा आणि मागून हॉर्न वाजला की सायकलस्वाराने त्यावरून खाली उतरावे असे गृहीत धरायचे, हाही तसाच दोष. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील जवळजवळ पाचवा हिस्सा पादचारी होते आणि सायकलस्वारांची संख्या पाच हजारांच्या घरात होती. ज्यांनी धक्का देण्याजोगे वाहन चालवलेच नाही अशांचा हा हिशेब आहे.

आता नियम काय सांगतात ते पाहा, कारण येथे एक गंमत आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल मार्गांच्या रचनेचे प्रमाणपत्रक १९६२ साली काढले. २०१५ साली ते सुधारले गेले. चाळीसहून अधिक वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी जे पाठ केले त्या १९६२च्या पत्रकात असे होते : ज्या रस्त्यावर तासाला १०० ते २०० मोटारवाहने जातात तेथे गर्दीच्या तासाला ४०० सायकली असतील तर स्वतंत्र मार्ग द्यावा, मोटारवाहने २००हून अधिक असतील तर तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरेल, आणि मार्गाची रुंदी किमान दोन मीटर असावी. शाळा भरण्याच्या वेळी बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावच्या कोणत्याही मुख्य रस्त्यावर ही अट पुरी होणे अवघड नाही. नियम होता, अट पुरी होत होती, मार्ग मात्र झाले नाहीत. उलट त्याच काळात महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि चाकाला बिल्ला लावीत. दिवा नसला तर दंड, दोघे बसले तर दंड. रस्त्यासाठी कर भरणारा सायकलवाला आणि रस्ता वापरणारा दुसराच, अशी ही करव्यवस्था होती.

आज या अटीचा उलटा वापर होतो. ‘सायकली आहेतच कोठे?’ असे विचारले जाते. ओढा आटल्यामुळे बायका पाणी भरायला येईनाशा झाल्या, तेव्हा तेथे जाऊन कोणी मोजणी करावी आणि येथे विहिरीची मागणी नाही असा शेरा मारावा, तसे हे आहे. रस्ता भयाचा झाला म्हणून सायकली कमी झाल्या आणि कमी झाल्या म्हणून रस्ता द्यायचा नाही. बाजारातील मागणीचा सिद्धान्त असा वापरला की गरिबाची गरज दिसेनाशी होते.

तथापि केवळ ‘मार्ग बांधा’ अशी मागणी करूनही भागणार नाही. महाराष्ट्राला या बाबतीत पुरेसा कडू अनुभव आहे. पुण्यात २००६ साली सातारा आणि सोलापूर रस्त्यांवर वेगवान बससेवेच्या बरोबर सायकल मार्ग बांधले गेले. त्यांत मध्येच खांब आले, झाड आले, बसथांबा आला, चौक आला की मार्ग नाहीसा झाला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११च्या सुमारास मार्ग झाला. तेथे मोटारी उभ्या राहू लागल्या आणि २०२५ साली तो काढून मोटारींना आणखी एक पदर देण्याचे ठरले. या दोन्ही ठिकाणी जेथे जागा होती तेथे मार्ग बांधला गेला. धोका जेथे होता तेथे, म्हणजे चौकात, तो संपला. चौकाआधी थांबणारा सायकल मार्ग नदीच्या काठापर्यंत बांधलेल्या पुलासारखा असतो.

हॉलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ‘ते श्रीमंत देश’ म्हणून बाजूलाही सारले जाते. पण तेथील लोकांना सायकलीचे मार्ग कोणी दान दिलेले नाहीत. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाचीच चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर बसले, १९७३चे तेलसंकट त्यांच्या मदतीला आले आणि शासनाला माघार घ्यावी लागली. प्रथम हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक देखणा नमुना-मार्ग बांधण्यात आला. अनुभव असा आला की अशा एकट्या मार्गावर आजूबाजूचे सायकलस्वार गोळा होतात, नवे फारसे येत नाहीत. पुढे डेल्फ्ट या लहान शहरात १९७९ ते १९८५ या काळात सबंध शहरभर जाळे विणले. मुख्य मार्ग सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या अंतराने, त्यांच्यात जोडणाऱ्या लहान वाटा. तेथे सायकली वाढल्या. स्पेनमधील सेव्हिल शहराने तर २००६नंतर चार-पाच वर्षांत शंभरावर किलोमीटरचे सलग जाळे उभारले आणि जेथे सायकल जवळजवळ नव्हतीच तेथे ती रोजच्या वापरात आणली. त्यासाठी त्यांनी मोटारी उभ्या करण्याची जागा परत घेतली.

बीड शहराला डेल्फ्ट जवळचे आहे, पुणे नव्हे. २०११ साली शहराची लोकवस्ती १,४६,७०९ होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने वीस-पंचवीस मिनिटांत जाता येते. धुळे-सोलापूर महामार्ग, पूर्वीचा २११ क्रमांकाचा आणि आताचा ५२, एकेकाळी शहराच्या पोटातून जात असे. बाह्यवळण झाल्यावर दूरची जड वाहने गावाबाहेरून जाऊ लागली. मागे उरला तो बार्शी नाक्याकडून बिंदुसरा ओलांडून शिवाजी चौकातून जालना रोडला लागणारा रस्ता. आकाराने महामार्ग आणि कामाने बाजारपेठ, अशी त्याची अवस्था आहे. महामार्गाचे काम उरले नाही तेव्हा महामार्गाची रुंदी मोटारींच्याच हाती का राहावी, हा प्रश्न बीडमध्ये आज विचारण्याजोगा आहे. नवी जमीन घ्यावी लागत नाही, कोणाचे घर पडत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर, मोटारींपासून उंच कठड्याने वेगळे केलेले, एवढे पुरे.

रचनेचे कसब मात्र बारकाव्यात आहे. बाजूची गल्ली जेथे मुख्य रस्त्याला मिळते तेथे सायकलची वाट खाली उतरता कामा नये. मोटारीने चढ चढून, गती कमी करून ती ओलांडावी. वळणाचा कोपरा आखूड ठेवला की वळणारे वाहन आपोआप हळू होते. ऐसपैस गोल कोपरा म्हणजे वेगाला दिलेले आमंत्रण. वेगाचे गणित साधे आहे : ताशी ३०चा वेग ६० झाला की धक्क्यातील शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. एस.टी.चा थांबा असेल तेथे वाट थांब्याच्या मागून न्यावी, म्हणजे उतरणारा प्रवासी आणि सायकल यांची गाठ पडली तरी बस मध्ये येत नाही. नालीच्या झाकणाच्या फटी वाटेला आडव्या असाव्यात. उभ्या असल्या की चाक अडकते आणि मूल तोंडावर आपटते. पेव्हर ब्लॉकपेक्षा सपाट डांबर बरे. सायकल आणि माणूस मिळून वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून त्याखाली महामार्गाइतका जाड थर लागत नाही आणि खर्चही त्या मानाने थोडा येतो. दिव्याचा खांब रस्त्याच्या मध्यभागी न ठेवता वाटेच्या बाजूला ठेवावा. आणि एक गोष्ट डच पुस्तकांत सापडणार नाही ती सावलीची. एप्रिल-मे महिन्यांत ज्या गावी पारा चाळिशीच्या वर असतो तेथे कडुनिंबाची रांग हा रस्त्याचा भागच मानला पाहिजे. रुंदीकरणात जुनी झाडे तोडली गेली, तेव्हा सायकलची अर्धी वाट तेव्हाच गेली.

चौकांविषयी आणखी थोडे. चौकात चालकाला सायकल दिसली पाहिजे, यासाठी कोपरे मोकळे हवेत. आपल्या चौकांत कोपऱ्यांवर काय असते हे सर्वांना माहीत आहे : वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक. त्यांत प्रत्येक पक्षाचे असतात आणि प्रसंगी पुरोगामी म्हणवणाऱ्यांचेही. हे फलक कार्यकर्त्यांना स्वतःच्या हातांनी, उद्या सकाळी उतरवता येतील. त्यासाठी निधी लागत नाही.

यात एक अडचण आहे आणि ती समाजवादी माणसाने टाळू नये. सायकलच्या वाटेसाठी जागा मोकळी करायची झाली की प्रशासनाची पहिली झडप हातगाडेवाल्यावर पडते. फळे विकणारी बाई हटते आणि तिच्या शेजारी दिवसभर उभी असलेली मोटार तशीच राहते. एका गरिबाची जागा काढून दुसऱ्या गरिबाला दिली तर तो न्याय नव्हे आणि टिकणारही नाही. चार दिवसांनी गाडा परत येतो, तो वाटेवरच. पथविक्रेत्यांचा २०१४चा कायदा विक्रीची ठिकाणे ठरवण्यासाठी विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती सांगतो. वाटेचा नकाशा आणि विक्रेत्यांच्या जागांचा नकाशा एकाच कागदावर काढला पाहिजे. जागा घ्यायचीच तर ती फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींची घ्यावी. सार्वजनिक जमिनीचा तो सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला फुकट भाडेपट्टा आहे. दुकानदार आरडाओरड करतील. त्यांच्याशी बोलावे लागेल, कारण त्यांतलेही बरेच लहान आहेत. सायकलवरचे गिऱ्हाईक थांबते, मोटारीतले पुढे जाते, हे त्यांना सांगण्यापेक्षा एका गल्लीत करून दाखवणे बरे.

कायद्याचा आधार पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे तर माणसे हलवणे हे उद्दिष्ट मानले. मोटारवाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्या १९८ अ या कलमान्वये, रस्त्याची रचना वा बांधणी ठरवून दिलेल्या सुरक्षा-मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी, सल्लागार किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघातानंतर चालकावर गुन्हा नोंदवला जातो. रस्त्यावर नोंदवला गेल्याचे क्वचितच ऐकू येते. त्याच दुरुस्तीने पादचारी आणि बिनमोटारी वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार कलम १३८ मध्ये राज्यांना दिला.

महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि प्रश्न विचारायला पुन्हा नगरसेवक मिळाले. बीडला सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे आली. स्थानकाच्या दिशेने शहर वाढेल आणि तिकडचे रस्ते आखतानाच सायकलची वाट आखली तर नंतर कोणाचे काही काढावे लागणार नाही. पण सभागृहात जाण्यापूर्वी हातात आकडे हवेत. शाळा उघडल्यानंतर, जूनच्या अखेरीस, एका कामाच्या दिवशी सकाळी दहा ते अकरा या वेळात चार चौकांत चार-चार कार्यकर्ते कागद-पेन्सिल घेऊन उभे राहिले की काम होते. सायकली किती, मोटारवाहने किती, सायकलींवर मुली किती, उलट्या बाजूने आलेल्या किती आणि त्यांच्या सर्वांत जवळची दुभाजकातील फट किती अंतरावर आहे, एवढे लिहायचे. हीच मोजणी डिसेंबरात, उसाचा हंगाम भरात असताना, पुन्हा करायची. जूनमध्ये दिसलेल्या मुलींपैकी किती मुली डिसेंबरात सायकलवर दिसत नाहीत, तो आकडा सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहावा.